मेसेज क्यू कुठला घ्यायचा: आधी काय हरवलं तर चालेल ते ठरवा

"दादा, आम्हाला काफ्का बसवायचंय, किती दिवस लागतील?" असा फोन मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो आणि दर वेळी मी एकच विचारतो, रोजच्या ऑर्डरी किती? समोरून उत्तर येतं, "आत्ता दीडशे-दोनशे आहेत, पण सीझनला वाढतात हो." मग काफ्का, म्हणजे मोठ्या कंपन्यांत मेसेज इकडून तिकडे पोचवायला वापरतात ते सॉफ्टवेअर, सुचवलं कोणी, तर मोठ्या कंपनीतून आलेल्या नव्या पोराने. पोराचं चुकलं असं नाही, त्याने आधीच्या ठिकाणी जे बघितलं तेच तो सांगणार. पण दोनशे ऑर्डरींसाठी काफ्का म्हणजे पेठेतल्या बोळात भाजी आणायला दहा चाकी ट्रक घेऊन जाण्यासारखं आहे, ट्रक चांगलाच आहे हो, पण वळवणार कुठे.

तर हे लिहितोय ते छोट्या-मध्यम धंद्यांसाठी, जिथे दोन-चार डेव्हलपर आहेत, सर्व्हर बघायला वेगळा माणूस नाही, आणि मालकाला फक्त एवढंच माहितीये की साइट अडकते आणि कस्टमर ओरडतात.

एक खरा क्लायंट उदाहरणाला घेतो, नाव नको. पुण्यातले फराळवाले, दिवाळीत परदेशात खोकी पाठवतात, चकली, चिवडा, करंज्या, अनारसे सगळं. त्यांच्या साइटवर ऑर्डर आली की पेमेंट तपासायचं, जीएसटीचं बिल बनवायचं, त्याची पीडीएफ काढायची, एसएमएस टाकायचा, भटारखान्याच्या यादीत नोंद करायची आणि कुरिअरचं लेबल काढायचं. हे सगळं त्यांनी एकाच रिक्वेस्टमध्ये कोंबलं होतं, म्हणजे कस्टमरने बटण दाबलं की ही सहाच्या सहा कामं होईपर्यंत त्याने गोल फिरणारं चक्र बघत बसायचं, आणि कुरिअरवाल्यांची एपीआय (त्यांच्या सिस्टिमशी आपला प्रोग्रॅम बोलतो ते दार) सीझनला कधी बारा सेकंद घेते कधी वीस. माणूस वैतागतो, रिफ्रेश मारतो, पैसे दोनदा कटतात, मग फोन.

मेसेज क्यू इथे काय करतो, तर साइटने ऑर्डर लिहून घ्यायची, कामाची एक चिठ्ठी खिळ्याला अडकवायची आणि कस्टमरला सांगायचं ऑर्डर मिळाली. मागे वर्कर नावाचे प्रोग्रॅम बसलेले असतात, ते चिठ्ठ्या काढतात आणि आपल्या वेगाने कामं करतात. कुरिअरवाले झोपले तर चिठ्ठ्या साचतात, साइट चालू राहते. एवढंच आहे ते, बाकी सगळे बारकावे म्हणजे चिठ्ठी हरवली तर काय, दोघांनी उचलली तर काय, आणि खिळाच निघाला तर काय.

कागद घ्या, लॅपटॉप बंद

सॉफ्टवेअरची नावं वाचायच्या आधी एक कागद आडवा धरा आणि डावीकडे आपली सगळी मागची कामं लिहा, एका ओळीत एक. पुढे चार रकाने करा: हरवलं तर, दोनदा झालं तर, उशीर झाला तर, क्रम उलटा झाला तर. हा कागद डेव्हलपरने एकट्याने भरायचा नाही, पॅकिंग बघणाऱ्या माणसाला आणि हिशोब बघणाऱ्या बाईंना बरोबर बसवा, कारण खरी उत्तरं त्यांच्याकडे असतात.

आमच्या फराळवाल्यांचा कागद काहीसा असा भरला. एसएमएस हरवला तर कस्टमर फोन करतो, फार बिघडत नाही. दोनदा गेला तर थोडं चिडतो. दहा मिनिटं उशिरा गेला तर कळतही नाही. कुरिअर लेबल हरवलं तर खोकं जातच नाही, दिवाळी संपल्यावर फराळ पोचून काय उपयोग; दोनदा निघालं तर पैसे गेले; पण संध्याकाळच्या पिकअपपर्यंत कधीही निघालं तरी चालतं. जीएसटीच्या बिलाचं वेगळंच, बिलाचे नंबर ओळीने लागतात आणि आर्थिक वर्षात एक नंबर एकदाच वापरायचा असतो, त्यामुळे तिथे दोनदा झालं तर सीएचा फोन येतो. आणि क्रम म्हणाल तर एकाच ठिकाणी जीव अडकला होता, "ऑर्डर दिली" आणि "ऑर्डर रद्द" हे दोन मेसेज उलटे पोचले तर रद्द झालेल्या ऑर्डरीचं खोकं निघून जाणार.

बघा, एकाच धंद्यात चार कामांच्या चार तऱ्हा. त्यामुळे "सगळ्यात फास्ट कुठला" हा प्रश्नच फुकट जातो.

दुसरा हिशोब आकड्यांचा, तोही कागदावरच होतो. त्यांचा सगळ्यात वाईट दिवस ५,००० ऑर्डरींचा धरला, एका ऑर्डरीमागे ६ मेसेज, म्हणजे ३०,०००. हे सगळे संध्याकाळच्या चारच तासांत आले असं धरलं तरी ४ तास म्हणजे १४,४०० सेकंद, सेकंदाला दोन मेसेज. ऑफर सुटली, एकदम झुंबड उडाली, दहापट धरा, वीस. सेकंदाला वीस मेसेज पुढे सांगतोय त्यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला जांभई द्यायला लावतील. मालकांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा पडला, त्यांना वाटत होतं आपला लोड फार मोठा आहे.

दोनदा येणारच

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण इथे मी स्वतः आपटलोय.

पहिल्या वर्षी मी त्यांना ॲमेझॉनचा एसक्यूएस, म्हणजे भाड्याने मिळणारा तयार क्यू, लावून दिला. एसक्यूएसमध्ये वर्करने मेसेज उचलला की तो काही वेळ बाकीच्या वर्करना दिसत नाही, याला व्हिजिबिलिटी टाइमआउट म्हणतात, आणि तो डिफॉल्ट ३० सेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात काम संपवून मेसेज डिलीट केला तर ठीक, नाहीतर क्यूला वाटतं वर्कर मेला आणि तो मेसेज पुन्हा सगळ्यांना दिसायला लागतो. मी हा आकडा बदललाच नाही. टेस्टिंगला कुरिअरची एपीआय चार सेकंदांत उत्तर देत होती ना, मग कशाला बदलतोय. वसुबारसेच्या आधी तीच एपीआय चाळीस-पन्नास सेकंद घ्यायला लागली. पहिला वर्कर अजून उत्तराची वाट बघतोय, तेवढ्यात दुसऱ्याने तोच मेसेज उचलला आणि अजून एक लेबल काढलं. पॅकिंगवाली पोरं लेबल दिसलं की खोकं भरतात, त्यांना काय माहीत. न्यू जर्सीतल्या एका काकूंना दोन खोकी पोचली, त्यांनी फोन करून विचारलं एक परत कसं पाठवू. बाकीच्यांनी नाही विचारलं.

यात एसक्यूएसचा काडीचा दोष नाही, चूक शंभर टक्के माझी, कारण त्यांच्या स्टँडर्ड क्यूबद्दल ते स्वच्छ सांगतात की मेसेज किमान एकदा मिळेल, कधी जास्त वेळाही मिळेल. आणि हे फक्त त्यांचंच नाही. विचार करा, वर्करने काम केलं आणि "झालं" असं क्यूला सांगायच्या आत लाइट गेली, तर क्यूला कळणार कसं? काम करायच्या आधीच "झालं" म्हणून टाकलं तर मग मधे लाइट गेल्यावर काम हरवलं. म्हणजे एकतर हरवायचं किंवा दोनदा करायचं, धंद्यात बहुतेक वेळा आपण दोनदा पत्करतो. कोणी सेल्सवाला "आमच्याकडे एक्झॅक्टली वन्स आहे", म्हणजे मेसेज बरोबर एकदाच, असं म्हणाला तर त्याला विचारा, कुठून कुठपर्यंत. काफ्कामध्ये ते आहे, पण काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरतं. कुरिअरवाल्याचं लेबल त्या हद्दीबाहेर आहे. एसक्यूएसचा फिफो क्यूही (आधी आलेला आधी बाहेर, असा क्रम पाळणारा) डुप्लिकेट गाळतो, पण तोच मेसेज पाच मिनिटांच्या आत परत पाठवला तर, सहाव्या मिनिटाला तुमच्या साइटने परत पाठवला तर तो नवाच धरला जातो.

म्हणून उपाय आपल्याच घरात करायचा. लेबल काढायच्या आधी डेटाबेसमध्ये ऑर्डर नंबर आणि "लेबल" अशी एक ओळ टाकायची, त्यावर युनिक बंधन घालायचं, म्हणजे तीच ओळ दुसऱ्यांदा टाकता येत नाही, ओळ आधीच आहे म्हणून एरर आला तर गुपचूप मागे फिरायचं. ओळ टाकली आणि वर्कर मधेच मेला तर काय, म्हणून त्या ओळीला "चालू" आणि "झालं" अशा दोन अवस्था ठेवायच्या आणि बराच वेळ "चालू"वरच अडकलेल्या ओळी माणसाने बघायच्या. कुरिअरवाले आपला रेफरन्स नंबर घेत असतील आणि त्याच नंबरावर दुसरं लेबल देत नसतील तर सोन्याहून पिवळं. हे एकदा केलं की क्यू कुठलाही घ्या, निम्मी काळजी मिटते.

आता एकेक माल बघू

पहिला पर्याय असा की काहीच विकत घेऊ नका. तुमच्याकडे पोस्टग्रेस डेटाबेस आहे ना, त्यातच "कामं" नावाचं एक टेबल करा. आयडी, कामाचा प्रकार, ऑर्डर नंबर, स्थिती, किती वेळा प्रयत्न झाला, पुढचा प्रयत्न कधी, एवढे कॉलम बास. वर्करने ओळ उचलताना सिलेक्टच्या शेवटी फॉर अपडेट स्किप लॉक्ड लावायचं, म्हणजे एका वर्करने धरलेली ओळ दुसरा वगळून पुढची घेतो, भांडण नाही, थांबणं नाही. ही सोय पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे, मायएसक्यूएल ८.० मध्येही आहे. आणि याचा एक फायदा असा आहे जो कुठलाच वेगळा क्यू सहज देत नाही: ऑर्डरची नोंद आणि कामाची चिठ्ठी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जातात, दोन्ही जातील किंवा एकही नाही. वेगळा क्यू असला की ऑर्डर सेव्ह झाली आणि क्यूला पाठवायच्या क्षणी नेटवर्क गेलं असा प्रकार कधीतरी होतोच, ऑर्डर आहे पण चिठ्ठी नाही, आणि ते कुणालाच कळत नाही. मग त्यावर उपाय म्हणून लोक परत डेटाबेसमध्येच एक आउटबॉक्स टेबल करतात आणि तिथून क्यूला पाठवतात. म्हणजे टेबल टळत नाहीच.

याचे तोटे आहेत. ओळी सतत बदलत राहतात त्यामुळे मेलेल्या ओळींचा कचरा साचतो, तो झाडणारं व्हॅक्यूम नीट चालतंय का बघावं लागतं, झालेली कामं दर आठवड्याला दुसरीकडे हलवावी लागतात. आणि दहा-बारा वेगवेगळ्या सिस्टिमना तोच मेसेज हवा असेल तर टेबल अपुरं पडतं. पण सेकंदाला वीस मेसेजचा धंदा? निवांत वर्षानुवर्षं चालतो.

दुसरा रेडिस. हा बहुतेकांकडे आधीपासून कॅशसाठी, म्हणजे पटकन लागणारा डेटा हाताशी ठेवायला असतो आणि रुबीवाले साइडकिक, नोडवाले बुलएमक्यू, पायथनवाले सेलरी अशा तयार लायब्ररी घेऊन कामं याच्यावर टाकून मोकळे होतात. चांगलं चालतं, फास्ट तर आहेच. दोन खड्डे सांगून ठेवतो. एक, रेडिस मेमरीत राहतो, प्रत्येक बदल डिस्कवर लिहायची सोय (एओएफ) मुद्दाम चालू केली तरी तिची नेहमीची सेटिंग सेकंदातून एकदा अशी असते, म्हणजे मशीन पडलं तर शेवटच्या सेकंदाभराचे मेसेज गेले. एसएमएससाठी चालेल, लेबलसाठी नाही. दुसरा खड्डा जास्त खोल आहे: कॅश आणि क्यू एकाच रेडिसमध्ये ठेवला आणि मेमरी भरली की जुनं काढून टाका अशी सेटिंग असेल तर रेडिस कॅश समजून तुमच्या ऑर्डरींच्या चिठ्ठ्याही बाहेर फेकतो, एरर नाही, लॉग नाही, काही नाही. क्यूसाठी वेगळा रेडिस ठेवा आणि त्याची एव्हिक्शन पॉलिसी (मेमरी भरल्यावर काय काढायचं तो नियम) नोइव्हिक्शन करा. रेडिसचं पब-सब (एकाने ओरडायचं, हजर असतील त्यांनी ऐकायचं) वापरून क्यू बनवायच्या भानगडीत पडू नका, ऐकणारा त्या क्षणी हजर नसला तर मेसेज हवेत जातो, हवंच असेल तर रेडिस ५.० मध्ये आलेले स्ट्रीम्स वापरा. लायसन्सचंही बघून घ्या, २०२४ मध्ये रेडिसने लायसन्स बदललं, त्यावरून व्हॅल्की नावाची वेगळी शाखा निघाली, पुढच्या वर्षी रेडिसने एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय दिला. स्वतःच्या साइटसाठी वापरणाऱ्याला सहसा फरक पडत नाही, पण तुम्ही सॉफ्टवेअर विकत असाल तर वकिलाला एकदा दाखवा.

तिसरा एसक्यूएस, किंवा गूगलचं पब-सब, अझुरचं सर्व्हिस बस, हे सगळे भाड्याने मिळणारे. माझं मत विचाराल तर ज्यांच्याकडे सर्व्हर सांभाळायला माणूस नाही आणि साइट आधीच ॲमेझॉनवर आहे त्यांनी डोळे झाकून एसक्यूएस घ्यावा, फक्त सेटिंग डोळे उघडे ठेवून करा. टाइमआउट तुमच्या सगळ्यात संथ कामाच्या कितीतरी वर ठेवा, १२ तासांपर्यंत जाता येतं. मेसेज डिफॉल्ट ४ दिवस राहतो, तो १४ करा, दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस पाच दिवस बंद असतं हे विसरू नका. क्रम लागणारच असेल तर फिफो घ्या, साध्या मोडमध्ये त्याची मर्यादा सेकंदाला ३०० कॉल, बॅच करून ३,००० मेसेज, आपल्याला पुरून उरते. ग्रुप आयडी म्हणून ऑर्डर नंबर द्या, म्हणजे एका ऑर्डरीचे मेसेज ओळीत राहतात आणि बाकीच्या ऑर्डरी अडत नाहीत.

बिलाचं एक गणित. एसक्यूएस रिक्वेस्टचे पैसे घेतो, आणि "काही आहे का" असं विचारणं हीसुद्धा रिक्वेस्टच असते, क्यू रिकामा असला तरी. एक वर्कर दर सेकंदाला विचारत बसला तर दिवसाला ८६,४०० आणि महिन्याला जवळपास २६ लाख रिक्वेस्ट. तोच लाँग पोलिंगवर टाकून २० सेकंद थांबायला सांगितलं तर रिकाम्या क्यूवर महिन्याला १ लाख ३० हजारच्या आसपास. महिन्याला पहिल्या दहा लाख रिक्वेस्ट फुकट असतात, म्हणजे एका सेटिंगवर बिल येणार की नाही ते ठरतं. रक्कम मोठी नसते, पण वीस वर्कर चालू ठेवले की मालक विचारतातच हे काय आहे.

डेटा कुठे राहतो हेही बघा, ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, हैदराबाद २०२२ पासून, तरी लोक सवयीने अमेरिकेतलं व्हर्जिनिया निवडतात आणि मग साइट स्लो का म्हणून विचारतात. पेमेंटशी संबंध असलेल्या कंपन्यांना तर रिझर्व्ह बँकेचा २०१८ चा डेटा भारतात ठेवायचा नियम आहेच. तसंही मेसेजमध्ये कस्टमरचं नाव-पत्ता-फोन कोंबू नका, फक्त ऑर्डर नंबर टाका आणि बाकी वर्करला डेटाबेसमधून वाचू द्या. मेसेज लहान राहतो, आणि कस्टमरने मधे पत्ता बदलला असेल तर नवा पत्ताच मिळतो.

चौथा रॅबिटएमक्यू. २००७ पासूनचं आहे, अर्लँगमध्ये लिहिलेलं, मालक बदलत बदलत आता ब्रॉडकॉमकडे. मला हे मनापासून आवडतं. पोस्टात जशी टपालाची वर्गवारी होते ना, हा गठ्ठा सांगलीचा, हा मिरजेचा, तसं याच्यात एक्स्चेंज असतं, ते मेसेजवरची खूण बघून योग्य क्यूत टाकतं, एकच "ऑर्डर आली" मेसेज बिलाच्या, एसएमएसच्या आणि लेबलच्या अशा तीन क्यूंत एकदम जातो. कामं वाटायला यासारखं दुसरं नाही, आणि त्याचं वेबवरचं पान उघडलं की कुठल्या क्यूत किती साचलंय ते मालकालाही कळतं. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं असेल, क्लाउड नको असेल, तर माझी पहिली पसंती हीच.

पण सांभाळावं लागतं. मेसेज टिकायचा असेल तर क्यू ड्युरेबल आणि मेसेज पर्सिस्टंट, दोन्ही लागतं, नुसतं एक केलं तर रीस्टार्टला गेलं सगळं. पाठवणाऱ्यानेही पब्लिशर कन्फर्म चालू करावं, नाहीतर मेसेज पोचला की नाही ते त्याला कळतच नाही. प्रीफेच नावाचा आकडा लहान ठेवा, तो मोकळा सोडला तर पहिला वर्कर शेकडो मेसेज कवेत घेऊन बसतो आणि बाकीचे माश्या मारतात. मेमरी मर्यादेच्या वर गेली की रॅबिट पाठवणाऱ्यांना रोखून धरतो, म्हणजे ज्या साइटला मोकळं ठेवायला क्यू आणला तीच साइट अडकते, हे मी एका ठिकाणी रात्री साडेअकराला बघितलंय. आणि यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून मिरर्ड क्यू (एकाच क्यूच्या अनेक मशीनवर प्रती) करायला जाऊ नका, ते ४.० मध्ये काढून टाकलेत, आता क्वोरम क्यू वापरायचे आणि त्यासाठी तीन मशीन लागतात. दोन मशीन घेऊन "एक गेलं तरी चालेल" म्हणणारे भेटतात, नाही चालत, बहुमत लागतं आणि दोनातलं एक म्हणजे बहुमत नाही.

पाचवं काफ्का. हे लिंक्डइनमध्ये जन्मलं, २०११ मध्ये ओपन सोर्स झालं, आणि ज्या तिघांनी बनवलं त्यातल्या नेहा नारखेडे पुण्याच्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या, त्यामुळे इथे काफ्काबद्दल वाईट बोललं की लोक जरा रागावतात. मी वाईट बोलतच नाहीये. फक्त ते क्यू नाहीये, ती कीर्द आहे. दुकानात रोजकीर्द असते, आलेली प्रत्येक नोंद खाली लिहीत जायची, मागचं खोडायचं नाही, आणि त्यावरून कोणी खतावणी करतो, कोणी जीएसटीचं रिटर्न भरतो, कोणी फक्त उधारी बघतो. प्रत्येकाची खूण वेगळ्या पानावर. काफ्का तसंच, वाचला म्हणून मेसेज जात नाही, डिफॉल्ट ७ दिवस राहतो, पाहिजे तर वर्षभर ठेवा. उद्या नवीन रिपोर्ट हवा झाला तर पहिल्या पानापासून परत वाचता येतं. हे हवं असेल, म्हणजे तीच घटना पाच-सात टीमना आपापल्या वेगाने वाचायचीये, मागचं परत चालवायचंय, सेकंदाला हजारोंनी नोंदी येतायत, तर काफ्काच घ्या, दुसरं काही बघू नका.

पण कामं वाटायला घेतलंत तर टोचायला लागतं. टॉपिकचे, म्हणजे एका प्रकारच्या नोंदींच्या वहीचे, पार्टिशन म्हणजे भाग पाडलेले असतात आणि एका ग्रुपमध्ये एका पार्टिशनवर एकच वाचणारा बसतो, त्यामुळे ६ पार्टिशनवर १० वर्कर लावले तर चौघे रिकामे. एक लेबल अडलं की त्याच पार्टिशनमधले मागचे सगळे खोळंबतात, बँकेत पुढचा माणूस चिल्लर मोजत बसल्यावर होतं तसं. पार्टिशन वाढवता येतात, कमी करता येत नाहीत, आणि वाढवले की कुठल्या ऑर्डरीचे मेसेज कुठे जातात तेही बदलतं. वर्करने पुढचे मेसेज मागायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लावले तर ग्रुप त्याला मेला समजून कामं परत वाटतो. ४.० मध्ये, २०२५ च्या मार्चमध्ये, झूकीपर हे सोबतीला लागणारं वेगळं सॉफ्टवेअर कायमचं गेलं, त्यामुळे बसवणं थोडं सोपं झालंय, पण ज्या ट्युटोरियलची सुरुवात "आधी झूकीपर चालू करा" अशी होते ते बंद करून टाका.

बाकीचे भराभर. बँकेशी किंवा जुन्या इन्शुरन्स कंपनीशी जोडायचं असेल तर समोर आयबीएम एमक्यू असण्याची शक्यता बरीच, ते १९९३ पासून चालू आहे आणि चालतच राहणार, तिथे निवड तुमची नसतेच. जावावाल्यांसाठी ॲक्टिव्हएमक्यू आर्टेमिस ठीक आहे. नॅट्स हलकं आणि छान, पण टिकाऊ मेसेज हवे असतील तर जेटस्ट्रीम चालू करायला विसरू नका. पल्सार याहूमधून आलेलं, ताकदीचं, पण लहान टीमने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं प्रामाणिक मत.

रात्री उठणार कोण

भाड्याचे आणि आयबीएमचं सोडलं तर यातलं जवळपास सगळं फुकट मिळतं, त्यामुळे किमतीचा तक्ता करताना सगळे लायसन्सचा रकाना शून्य लिहून खूश होतात. खरा रकाना हा की शनिवारी रात्री दोनला डिस्क भरली तर फोन कोण उचलणार, आणि त्याला ते सॉफ्टवेअर येतं का. टीममध्ये एकालाच रॅबिट येत असेल आणि तो पुढच्या महिन्यात नोटीस पिरियडवर जाणार असेल, तर तुमच्यासाठी रॅबिट नाही, कितीही चांगलं असलं तरी. मी तर सरळ विचारतो, तुमच्या टीमला आत्ता काय येतं, मग त्यातलं कागदावरच्या अटींत काय बसतं ते बघतो, आणि दहातल्या सातजणांना पोस्टग्रेसचं टेबल नाहीतर एसक्यूएस सांगून फोन ठेवतो.

काहीही घ्या, अलार्म मात्र किती मेसेज साचले यावर लावू नका. ऑफर सुटली की पाचशे साचतातच, पाच मिनिटांत उतरतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अलार्म सगळ्यात जुना मेसेज किती वेळ पडून आहे यावर लावा. लेबलच्या क्यूत एक जरी मेसेज अर्ध्या तासापेक्षा जुना झाला तर फोन वाजला पाहिजे. आणि पाच वेळा प्रयत्न करून न झालेले मेसेज बाजूला टाकायला डेड लेटर क्यू करतात, तो करा, पण तो रोज सकाळी कोण उघडणार त्याचं नाव ठरवा. एसक्यूएसच्या स्टँडर्ड क्यूत तर मेसेज डेड लेटरमध्ये गेला तरी त्याचं वय पहिल्यांदा पाठवलं तेव्हापासूनच मोजतात, म्हणजे दोन्हीकडे ४ दिवस ठेवले आणि तीन दिवस तो मुख्य क्यूत फिरला तर तुमच्या हातात एकच दिवस उरतो.

लाइव्ह करायच्या आधी एक रात्र मोडतोडीला द्या. काम अर्धवट असताना वर्कर ठार मारा आणि लेबल एकच निघालं का बघा. ब्रोकर, म्हणजे क्यू चालवणारा सर्व्हर, रीस्टार्ट करा. सगळे वर्कर तासभर बंद ठेवून मेसेज साचू द्या आणि मग एकदम चालू करा, इथे बहुतेक वेळा क्यू टिकतो पण कुरिअरवाल्यांची एपीआय "फार रिक्वेस्ट येतायत" म्हणून दार लावते, म्हणजे वर्करचा वेग आवळायला लागतो. पत्ता रिकामा असलेली एक ऑर्डर मुद्दाम घाला, ती डेड लेटरला गेली पाहिजे, बाकीच्यांना अडवून बसता कामा नये. शेवटी तोच मेसेज हाताने दोनदा पाठवा.

फराळवाल्यांकडे आम्ही दुसऱ्या वर्षी हे सगळं केलं, पहिल्या रात्री पाचातले दोनच पास झाले, तिसऱ्या रात्री पाचही. आता बिल आणि लेबल पोस्टग्रेसच्या टेबलात आहेत, एसएमएस एसक्यूएसवर. तो आडवा कागद अजून पॅकिंगच्या टेबलामागे चिकटवलेला आहे, तेलाचे डाग पडलेत त्याच्यावर, आणि "लेबल दोनदा निघालं तर" या रकान्यात कोणीतरी पेनाने "न्यू जर्सी" असं लिहून ठेवलंय.